कथात्म साहित्यातील साधी व व्यामिश्र पात्रे : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील लेखनाच्या संदर्भात

प्रास्ताविक

कथा-कादंबरीतील पात्रांचे साधी आणि व्यामिश्र असे दोन वर्ग करण्याची रीत आपल्या अध्यापनात चांगलीच रुळलेली आहे. ‘साध्या व व्यामिश्र पात्रांतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, विद्यार्थी दोन रकाने आखतो, प्रत्येकात चार-सहा मुद्दे भरतो आणि गुण मिळवतो. परंतु त्याच विद्यार्थ्याला ‘सर्जनशील लेखन’ या घटकाखाली एक कथा लिहावयास सांगितली, तर हे दोन रकाने त्याच्या काहीएक उपयोगी पडत नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांची वार्षिके ज्यांनी संपादित केली आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. भोळा आदिवासी, लबाड ठेकेदार, खाष्ट वनरक्षक, बंदूकधारी नक्षलवादी आणि शहरातून आलेला ध्येयवादी डॉक्टर किंवा शिक्षक ही पाच पात्रे तेथे आलटून पालटून भेटतात. कथा लिहिणारा विद्यार्थी धानोरा, एटापल्ली, कोरची, सिंदेवाही किंवा गोंडपिपरी तालुक्यातील एखाद्या गावाहून आलेला असतो. त्याच्या ओळखीचा एकही माणूस या पाचांत नीट बसत नाही. तरीही कागदावर हीच पाच माणसे उतरतात. असे का होते आणि लेखनाच्या अंगाने त्यावर काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रस्तुत लेखकाची भूमिका आरंभीच नोंदवलेली बरी. साधेपणा अथवा व्यामिश्रता हा पात्राच्या स्वभावाचा अंगभूत गुण मानला की लेखन अडते. निवेदकाने त्या पात्रापासून किती अंतर राखले आहे, याचा तो परिणाम आहे असे मानले की मार्ग मोकळा होतो. वनप्रदेशातील माणसांच्या बाबतीत अडचण अशी झाली आहे की, त्यांच्याकडे बहुतेक वेळा एकाच अंतरावरून पाहिले गेले, आणि ते अंतर आता तेथील मुलांनीही स्वीकारले आहे.

फॉर्स्टरची विभागणी

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिज येथे दिलेली व्याख्याने त्याच वर्षी ‘अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या नावाने प्रसिद्ध झाली. पात्रांची ‘सपाट’ आणि ‘भरीव’ अशी विभागणी तेथून जगभर पसरली. एका कल्पनेभोवती उभे राहणारे आणि एका वाक्यात सांगता येणारे पात्र ते सपाट; वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करण्याची शक्ती ज्याच्या अंगी आहे ते भरीव. चकित करते, पण पटत नाही, असे पात्र म्हणजे भरीव असल्याचा आव आणणारे सपाट पात्रच होय, अशी पुस्तीही फॉर्स्टर जोडतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही पुस्ती सहसा गाळली जाते. त्याचप्रमाणे सपाट पात्रांविषयी त्यांनी काढलेले अनुकूल उद्गारही गाळले जातात. अशी पात्रे पुन्हा येताच ओळखू येतात, वाचकाच्या स्मरणात टिकतात आणि डिकन्ससारखा लेखक त्यांच्या बळावर मोठे जग उभे करतो, हे फॉर्स्टर यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. आपल्याकडे मात्र ‘साधे म्हणजे कच्चे, व्यामिश्र म्हणजे श्रेष्ठ’ अशी उतरंड तयार झाली. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्तम, मध्यम, अधम अशा प्रकृती आणि धीरोदात्तादी नायकभेद सांगितले आहेत. ती व्यवस्था नमुन्यांचीच आहे आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे, हेही या संदर्भात आठवावे.

मराठी कादंबरीतील तीन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’मधील शंकरमामंजी हे पात्र जवळजवळ एकरंगी काळे आहे. त्यांच्या मनात आपण कधी शिरत नाही. पण कथा सांगते यमू. त्या घरातील एका पोरसवदा सुनेला मामंजी जेवढे दिसतील तेवढेच वाचकाला दिसतात, आणि म्हणूनच त्यांचा एकरंगीपणा खोटा वाटत नाही. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) आनंदा रामोशी थोडक्या रेषांत येतो आणि मनात राहून जातो. कारभारी मात्र मास्तरांशी आधी जिव्हाळ्याने, मग गैरसमजाने आणि पुन्हा मायेने वागतो. मास्तर त्याच्याजवळ गेला, त्याच्या रोषाचा धनी झाला, म्हणून कारभारी आपल्यासमोर उलगडला. तिसरे उदाहरण विदर्भातीलच आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक ही मराठीतील मोजक्या समर्थ स्त्रीपात्रांपैकी एक. शेळके तिच्या स्वभावाचे विश्लेषण करीत बसत नाहीत. घरात धान्य किती, अंगावर कापड किती, उद्या काम मिळेल की नाही, या हिशेबात ती सतत गुंतलेली असते आणि त्या हिशेबातूनच तिचा ताठरपणा, तिची माया आणि अखेरचे तिचे कोसळणे आपल्याला उमगत जाते. गरिबाचे पात्र साधे असते, कारण त्याला अंतर्मुख होण्यास सवड नसते, असा एक समज आहे. ‘धग’ वाचलेल्या माणसाने तो बाळगू नये.

झाडीपट्टीच्या रंगमंचावरील पात्रे

आपल्या विद्यार्थ्यांच्या कानामनावर कादंबरीपेक्षा झाडीपट्टी रंगभूमीचा संस्कार अधिक आहे, हे अध्यापकांनी लक्षात घेतले पाहिजे. धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत गावोगावी नाटके होतात. मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग चालतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. वडसा (देसाईगंज) हे या व्यवसायाचे केंद्र आहे आणि अनेक नाट्यमंडळांची कार्यालये तेथेच आहेत. या रंगभूमीवर नायक, नायिका, खलनायक आणि विनोदी नट यांच्या जागा ठरलेल्या असतात. खलनायकाच्या प्रवेशाबरोबर वाद्ये बदलतात, विनोदी पात्र आले की मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेली म्हातारीही सावरून बसते.

हा साधेपणा अडाणीपणातून आलेला नाही. त्यामागे व्यवसायाची कारणे आहेत. एका हंगामात अनेक गावे करावयाची, तालमींना वेळ कमी, प्रॉम्प्टरचा आधार मोठा, प्रेक्षकांची संख्या हजारांत आणि प्रयोग उघड्या रानात. अशा ठिकाणी पात्र पहिल्याच वाक्यात ओळखू आले नाही, तर प्रयोग हातातून जातो. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी या रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती प्रामुख्याने विनोदी भूमिकांसाठी. व्यसनी, फजित होणारा, तरीही नाटकातले खरे बोलून जाणारा माणूस त्यांनी वर्षानुवर्षे उभा केला. हे पात्र साधेच आहे. परंतु ते ज्या गावात उभे राहते, त्या गावात तसा माणूस समोरच्या रांगेत बसलेला असतो आणि प्रेक्षकांना ते ठाऊक असते. साध्या पात्राला उरलेला भराव प्रेक्षक पुरवतात.

छापील कथेला ही सोय नाही. तिचा वाचक त्या गावचा नसतो, रांगेत कोण बसले आहे हे त्याला माहीत नसते. झाडीपट्टीचा खलनायक जसाच्या तसा कथेत आणला की तो केवळ ओरडणारा माणूस उरतो. विद्यार्थ्याला ‘तुझी कथा नाटकी झाली’ असे म्हणून नाउमेद करण्यापेक्षा, रंगमंचावर जे काम प्रेक्षकांची ओळख करीत होती, ते काम आता वाक्यांनी करावे लागेल, एवढे समजावून दिले तरी पुष्कळ होते.

फळीवरचा मुन्शी

आता एक प्रसंग घेऊन हा अंतराचा मुद्दा तपासू. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे रानात जाऊन पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि सायंकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मजुरी शेकड्याच्या हिशेबाने. फळीवर मुन्शी असतो. तो पुडे मोजतो, एखादा उचलून पाहतो, पाने लहान अथवा फाटकी आहेत म्हणून बाजूला टाकतो. समजा, कथा एका चौदा वर्षांच्या मुलीच्या बाजूने सांगितली आहे. आई आजारी असल्यामुळे ती या वर्षी प्रथमच एकटी फळीवर आली आहे. तिच्या दृष्टीने मुन्शी म्हणजे काय? पुड्यांवरून फिरणारे एक बोट आणि आकडे मोजणारा एक आवाज. बोट कोठे थांबते एवढ्याकडेच तिचे लक्ष आहे. त्या बोटाखालून तिचे पुडे निघून गेले की तिच्या लेखी मुन्शी संपतो. येथे मुन्शी साधाच असला पाहिजे.

होतकरू लेखकाला या ठिकाणी एक मोह होतो. आपण मुन्शीवर अन्याय करतो आहोत असे वाटून तो मुन्शीला एक दुखणाईत मूल देतो. पुडा बाजूला टाकताना मुन्शीच्या डोळ्यांपुढे आपले मूल येते, तो पुडा परत घेतो, कथा संपते. यातून पात्र व्यामिश्र होत नाही. मुलीची कथा मात्र मोडते, कारण जे तिला दिसणे शक्य नव्हते ते निवेदकाने मध्येच घुसवले. अशा कथांतील दुखणाईत मुलांची शिरगणती कोणी केली तर ती मोठी निघेल.

परंतु याच मुन्शीच्या बाजूने कथा सांगावयाची झाली, तर एवढ्यावर भागणार नाही. आणि आजचा मुन्शी कोण आहे, हेही पाहावे लागेल. पेसा आणि वनहक्क कायद्याच्या आधारे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. अशा गावात हिशेबाच्या वहीशी बसणारा मुलगा बाहेरून आलेला नसतो, तो गावातलाच बारावी झालेला तरुण असतो. फाटकी पाने घेतली तर माल पडून राहील आणि सगळ्या गावाचा बोनस घटेल. नाकारली तर समोर उभी असलेली मुलगी त्याच्या मामाची आहे. लबाड ठेकेदाराचा नमुना येथे कामाचाच राहत नाही. व्यवहार बदलला, पण कथेतील पात्र तेवढे जुन्या जागी बसून राहिले, अशी आपली स्थिती आहे.

वनरक्षकाची कुऱ्हाड

व्यामिश्र पात्र उभे करण्यासाठी त्याच्या अंगी परस्परविरोधी गुण भरावेत, असे लेखनविषयक पुस्तकांत सांगितलेले आढळते. क्रूर आहे पण फुलांवर प्रेम करतो, दारू पितो पण दिलदार आहे, अशी ही बेरीज असते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही कृती निष्फळ आहे. दोन सपाट पृष्ठे पाठीला पाठ लावून ठेवली तरी त्यांना खोली येत नाही. एकाच माणसावर दोन न्याय्य हक्क एकाच वेळी सांगितले जातात आणि त्याला काहीतरी करावे लागते, तेव्हा पात्राला खोली येते.

वनरक्षकाचे पात्र घेऊ. तो गोंड समाजातला आहे, शेजारच्या तालुक्यातल्या गावचा. त्याच्या बीटात एका माणसाने घराच्या आढ्यासाठी सागाचे झाड तोडले आहे. गावाचे निस्तार हक्क काय, जळाऊ काय आणि इमारती काय, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्याच्या स्वतःच्या वडिलांनी घर बांधले, ते कोणत्या लाकडाचे, हेही त्याला ठाऊक आहे. नियमाप्रमाणे त्याने पी.ओ.आर. फाडला पाहिजे; लाकूड आणि कुऱ्हाड जप्त केली पाहिजे. कुऱ्हाड गेली तर त्या माणसाचे पुढचे काम अडेल. झुडपी बुंधा लपवता येत नाही, आठ दिवसांनी वनपाल फेरीवर आला की त्याला तो दिसेल आणि नोकरीवर बालंट येईल.

वनरक्षक पी.ओ.आर. फाडतो आणि आरोपीच्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहितो. लाकूड जप्त दाखवतो. कुऱ्हाड दाखवत नाही. चार दिवसांनी तो माणूस एक कोंबडा घेऊन त्याच्या दारात येतो. वनरक्षक तो ठेवून घेतो.

कथा येथपर्यंत आली की प्रश्न उभा राहतो. ही माया होती की लाच? ‘अज्ञात’ हा शब्द लिहिताना त्याच्या मनात कोंबडा नव्हता. कोंबडा परत केला तर पाहुण्याचा अपमान होतो, ठेवून घेतला तर मागल्या मायेची किंमत ठरून जाते. पुढच्या वर्षी दुसरा माणूस आधीच कोंबडा घेऊन येईल, हे त्याला कळते. तो चांगला की वाईट, याचा निर्णय लेखकाने करू नये, आणि ‘माणूस चांगलाही असतो व वाईटही’ असे वाक्य तर मुळीच लिहू नये. एका रकान्यात लिहिलेला एक शब्द आणि दारात बांधलेला एक कोंबडा एवढेच सांगावे. फॉर्स्टर यांच्या कसोटीप्रमाणे येथे वाचक चकित होतो आणि त्याला ते पटतेही. पटते याचे कारण वनखात्याचा कागद, गावाची रीत आणि बुंधा लपवता न येणे हे तिन्ही आधी त्याच्यापुढे ठेवलेले असते. पात्राची खोली म्हणजे बव्हंशी त्याच्या कामाची माहिती होय, असे म्हणण्याचा मोह होतो. निदान आपल्या विद्यार्थ्यांपाशी हे भांडवल भरपूर आहे. पी.ओ.आर. म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या लेखकाला विचारून घ्यावे लागेल. सावली किंवा आरमोरीच्या मुलाला ते घरात ऐकून ठाऊक असते.

स्त्रीपात्राविषयी एक उदाहरण थोडक्यात देतो. माडिया व गोंड समाजांत मासिक पाळीच्या काळात स्त्रियांनी वेगळ्या झोपडीत, म्हणजे कुर्माघरात राहण्याची प्रथा आहे. त्यावरील कथांत ती स्त्री केवळ बळी म्हणून येते. सापाचे भय, गळके छप्पर आणि आजारपण यांतले काहीही खोटे नाही. परंतु उपकेंद्रात परिचारिका म्हणून नोकरी करणारी, गावोगावी स्वच्छतेबद्दल सांगणारी आणि सणाला माहेरी गेली असता आईच्या शब्दाखातर स्वतः कुर्माघरात जाऊन बसणारी स्त्री कथेत आणली, तर काय होईल? तेथे दोघीतिघी मैत्रिणी भेटतात, चार दिवस पाणी भरावे लागत नाही, रात्री पावसात झोप लागत नाही आणि आपण उद्या कोणत्या तोंडाने व्याख्यान देणार हा विचारही सुटत नाही. एकच झोपडी, तिथे विसावाही आहे आणि धोकाही. प्रथेचा निषेध करावयाचा असेल तर तो अशा कथेतून अधिक टोकदार होईल, असे वाटते.

पात्राची बोली

वनप्रदेशातील पात्रे कथेत साधी दिसतात, त्याचे एक अगदी तांत्रिक कारण आहे आणि त्याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. माडिया किंवा गोंडी बोलणारे पात्र मराठी कथेत आले की लेखक त्याच्या तोंडी मोडकेतोडके मराठी घालतो. क्रियापदे चुकलेली, वाक्ये दोन-तीन शब्दांची. हा माणूस तहसील कार्यालयात बाबूशी बोलत असेल, तर हे रास्त आहे. परंतु तोच माणूस आपल्या अंगणात, आपल्या भावाशी, आपल्या भाषेत बोलत असतानाही लेखक तेच मोडके मराठी चालू ठेवतो. वस्तुतः त्या क्षणी तो माडियात बोलतो आहे, आणि त्या भाषेत तो अडखळत नाही. तेथे तो टोमणा मारतो, जुन्या गोष्टी सांगतो, जमिनीच्या वादात पंचांपुढे बिनतोड मुद्दा मांडतो. या संवादाचे मराठी रूप तितकेच प्रवाही असले पाहिजे.

असे केले की काही न सांगता पात्राला दोन बाजू येतात. पान तीनवर पंचांना निरुत्तर करणारा म्हातारा पान सातवर साहेबापुढे ‘हो जी, नाही जी’ एवढेच बोलतो. साहेबाला तो भोळा वाटतो. वाचकाला मात्र ठाऊक असते. ‘भोळा आदिवासी’ हा नमुना बहुतांशी साहेबाच्या कानाने तयार झालेला आहे. भामरागड किंवा एटापल्लीकडे साहेब आणि गावकरी यांच्यामध्ये बसून बोलणे इकडचे तिकडे करणारा दुभाषा हे तर कथेसाठी हातात आयते आलेले पात्र आहे. काय सांगायचे, काय गाळायचे आणि गाळल्याचे कोणाला कळू द्यायचे, हे सर्व त्याच्या हाती असते.

झाडीबोलीचा प्रश्न निराळा आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शास्त्रीय अभ्यास केल्यापासून तिच्याकडे अशुद्ध मराठी म्हणून पाहणे कमी झाले आहे. पण कथेत अजून गडीमाणसे झाडीबोली बोलतात आणि विचार करणारी पात्रे प्रमाण मराठी. सिरोंचाकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली असे या जिल्ह्याचे भाषिक वास्तव असताना, बोलीवरून पात्राची बौद्धिक पायरी ठरवण्याची ही सवय मोडली पाहिजे.

नव्या नमुन्यांविषयी

व्यामिश्रतेचेही नमुने बनतात, याकडे शेवटी लक्ष वेधावयाचे आहे. विलास मनोहर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात अनेक वर्षे राहिले आणि त्या अनुभवातून त्यांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. तिच्या नावातच शेवट सांगून टाकलेला आहे. माडिया तरुण अखेर कोठे पोहोचणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते. म्हणून लक्ष राहते ते तो तेथे कसा पोहोचतो याकडे. वर्तमानपत्रात एका शब्दात उरकला जाणारा माणूस येथे अंतर कमी करून पाहिला गेला, हे या कादंबरीचे मोल आहे. चंद्रपूरचे सुरेश द्वादशीवार यांची ‘हाकुमी’ ही कादंबरीही या प्रदेशाच्या वाचकाने सोबत ठेवावी अशी आहे.

या लेखनानंतर मात्र एक साचा रूढ झाला. एक भाऊ पोलिसात, दुसरा दलममध्ये, आणि मध्ये आई. सी-६० पथकात १९९० पासून स्थानिक तरुणच भरती झाल्यामुळे अशा घटना प्रत्यक्षात अशक्य नव्हत्या. पण कथेत त्या इतक्यांदा आल्या की आता पहिल्या परिच्छेदातच शेवटची गोळी ऐकू येते. एके काळी गुंतागुंतीची वाटलेली मांडणीही वापराने सपाट होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याआधीही बरेच जण परतले होते. वीस वर्षे टोपणनावाने जगलेला माणूस आता रेशनकार्डावर मूळ नाव घालतो, बँकेच्या रांगेत उभा राहतो, लग्न करतो, आणि बाजारात समोरून येणारा माणूस आपल्याला ओळखतो की नाही याचा अंदाज घेतो. हा माणूस कथेत अद्याप फारसा आलेला नाही. त्याच्यासाठी साचाही तयार नाही, ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने अनुकूल गोष्ट समजावी.

वर्गातील एक प्रयोग

वर्गात करण्याजोगा एक सराव सुचवून हे विवेचन थांबवतो. तेंदूच्या फळीवरील वर सांगितलेला प्रसंग, नावे न देता, विद्यार्थ्यांना सांगावा आणि तो प्रत्येकी दीड पानात तीन वेळा लिहावयास द्यावा. प्रथम पुडे घेऊन आलेल्या मुलीच्या बाजूने, मग दूर मोहाच्या झाडाखाली बसून हे पाहणाऱ्या वाटसरूच्या बाजूने, आणि शेवटी मुन्शीच्या बाजूने. अट एकच की, ज्याच्या बाजूने लिहितो आहोत त्याला जे दिसत नाही, ऐकू येत नाही ते लिहावयाचे नाही. विशेषणे किती आली ते मागाहून मोजावे. वाटसरूच्या मजकुरात ती सर्वाधिक निघतात, कारण त्याला माहिती सर्वांत कमी असते. ‘भोळी’, ‘गरीब बिचारी’, ‘कावेबाज’ हे शब्द तेथेच सापडतील. तिसऱ्या मजकुरात मुन्शीला सायंकाळपर्यंत गोण्या भरून हिशेब जुळवायचा आहे, पाऊस येण्याचे लक्षण आहे, आणि पुड्यांच्या ओळीत एक पुडा सैल बांधलेला आहे. तो कोणी आणला हे पाहण्यासाठी तो मान वर करतो की नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे. लेखनाला दोन तासिका पुरतात. तिसरी तासिका वाचनासाठी राखून ठेवावी, आणि वाचन विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या उच्चारांत करावे.